मांजर खेळता खेळता चावते? या चुका टाळा

गेल्या वर्षी आमच्या घरी रोज पहाटे साडेपाचला एकच प्रसंग घडत असे. आई चहाचे आधण ठेवायला उठायची आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पोहोचते न पोहोचते तोच तांदळाच्या डब्यामागून आमचा पिवळा बोका तिच्या घोट्यावर झेप घ्यायचा. पुढच्या पंजांनी पाय कवळायचा, मागच्या पायांनी भराभर ओरबाडायचे, एक चावा घ्यायचा आणि सोफ्याखाली पसार व्हायचे. "मेल्याला माझाच कसला एवढा राग आहे?" असे आई विचारी. चूक तिथूनच सुरू होते, कारण बोक्याच्या लेखी तो निव्वळ शिकारीचा सराव होता.

टक लावणे, दबा धरणे, पार्श्वभाग हलवत अंदाज घेणे, झेप, पकड आणि चावा हा क्रम मांजरात उपजत असतो, आणि फ्लॅटमध्ये उंदीर नसेल तर हलणाऱ्या वस्तूंपैकी सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे माणसाचा पाय किंवा साडीचा काठ. त्यातही मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वाधिक चपळ असते, म्हणून आईची वेळ नेमकी सापडली. खेळातला हल्ला बहुधा मुकाट्याने होतो. घाबरलेले किंवा चिडलेले मांजर मात्र फिस्कारते, गुरगुरते, कान डोक्याला सपाट चिकटवते आणि अंगावरचे केस पिंजारते. हा फरक ओळखता आला पाहिजे, कारण चिडलेल्या मांजराला एकटे सोडावे लागते, तर खेळकर मांजराला अधिक खेळवावे लागते.

खरे तर या सवयीचे बी पेरतो आपणच. दीड-दोन महिन्यांचे पिल्लू बोटांशी झोंबते तेव्हा त्याच्या चाव्यात जोर नसतो, घरात हशा पिकतो, कोणीतरी व्हिडिओ काढतो. तेच पिल्लू सहा महिन्यांचे झाले की रक्त निघते आणि मग त्याला रागे भरले जाते; पण हात हे खेळणे आहे हा धडा त्याने आपल्याकडूनच गिरवलेला असतो. जोरात चावले तर खेळ थांबतो, हे पिल्ले आईकडून आणि भावंडांकडून शिकतात. त्यामुळे फार लवकर वेगळ्या झालेल्या किंवा एकट्याने वाढलेल्या पिल्लांत हा त्रास जास्त आढळतो. पिल्लू शक्यतो १२ आठवड्यांपर्यंत भावंडांसोबत राहू द्यावे आणि घरी आल्यावर पहिल्या दिवसापासून हाताने खेळवू नये. हा नियम घरातल्या प्रत्येकाने पाळायला हवा. एक हौशी काका पुरेसा असतो सगळ्यावर पाणी फिरवायला.

चावा बसला की आपण हात झटकन मागे ओढतो, आणि निसटणारे भक्ष्य घट्ट धरावे हे मांजराला कोणी शिकवावे लागत नाही. त्याऐवजी हात जागीच निश्चल ठेवावा किंवा किंचित त्याच्याच दिशेने न्यावा. पकड बहुधा सैल होते. मग काहीही न बोलता उठून एक-दोन मिनिटे दुसऱ्या खोलीत जावे. चापट मारणे, नाकावर टिचकी देणे किंवा तोंडावर पाण्याचा फवारा उडवणे यांनी मांजर एक तर तो खेळाचाच भाग समजते, नाहीतर माणसाला घाबरू लागते, आणि मग खेळातल्या चाव्याच्या जागी भीतीचा चावा येतो, जो कितीतरी वाईट. पहाटे चावले म्हणून लगबगीने खाणे पुढे करणेही तितकेच घातक, कारण चावल्यावर ताटली भरते हे गणित मांजराला चटकन उमगते.

उपाय म्हणजे शिकारीला योग्य भक्ष्य देणे. खराट्याच्या लांब हिराला नाडी आणि नाडीच्या टोकाला कापडाची चिंधी बांधली तरी उत्तम खेळणे होते. ते मांजराच्या तोंडावर नाचवू नये. कोणताही उंदीर आपणहून मांजराकडे चालत येत नाही. चिंधी त्याच्यापासून दूर पळवावी, चटईच्या कडेखाली लपवावी, मध्येच स्तब्ध ठेवावी आणि अधूनमधून पकडू द्यावी. दिवसातून दोन-तीनदा १० ते १५ मिनिटांचा असा खेळ आणि त्यापैकी एक रात्री निजण्यापूर्वी, लगेच पाठोपाठ जेवण. शिकार, पोटभर खाणे, अंग चाटणे आणि झोप हाच त्याचा नैसर्गिक क्रम आहे. लेझरचा ठिपका वापरणाऱ्यांनी शेवटी तो एखाद्या खऱ्या खेळण्यावर किंवा खाऊवर न्यावा, कारण हाती काहीच न लागल्याने काही मांजरे अधिक बेचैन होतात. कॅलेंडरवरच्या चित्रात मांजरासोबत शोभणारा लोकरीचा गुंडा मात्र घरात नको. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही आणि आतड्यात अडकल्यास शस्त्रक्रियेची पाळी येते. म्हणून नाडीचे खेळणेही खेळ संपताच कपाटात ठेवावे.

आमच्याकडे सुमारे महिनाभराने आईचे घोटे सुटले. दोन वर्षांच्या आतील मांजरात हा प्रकार सर्रास आढळतो आणि वयाबरोबर ओसरतो. याउलट शांत स्वभावाचे प्रौढ मांजर अचानक चावू लागले तर त्याला खेळ समजू नये. दातदुखी, सांधेदुखी किंवा अन्य आजाराची शक्यता पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावी.

चाव्याची जखम वरून टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी सुळे खोल रुतलेले असतात आणि आत जंतू राहतात. तिच्यावर हळद किंवा चुना भरू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने ती १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. मांजर घरचेच असले तरी रेबीजच्या लशीविषयी त्यांना आवर्जून विचारावे, आणि जाताना मांजराच्या लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे.