औषध मोजणारा इलेक्ट्रोड: पडदा ओतताना घाई नको

या इलेक्ट्रोडच्या टोकाला प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो आणि द्रावणात औषध किती आहे त्यानुसार इलेक्ट्रोडचा व्होल्टेज बदलतो. पडद्यासाठी माझं प्रमाण ठरलेलं: पीव्हीसी ३३ टक्के, प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारा द्रव) ६६ आणि औषधाची टेट्राफेनिलबोरेट या ऋण आयनाशी बांधलेली आयन-जोडी १ टक्का. सगळं टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकात विरघळवून काचेच्या बशीत ओता, वर फिल्टर पेपर झाका आणि फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) रात्रभर विसरून जा. एकदा मी हेअर ड्रायर लावला. पडद्यात मोहरीएवढे फुगे आले, रीडिंग दिवसभर सरकत राहिलं. त्यात ते द्रावक ज्वलनशील, म्हणजे दुहेरी मूर्खपणा!

वाळलेल्या पडद्याची चकती नळीच्या तोंडाला चिकटवा, आत-बाहेर औषधाचं १०⁻³ मोलर द्रावण ठेवून भिजू द्या. मोजताना पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जा. एकभारी (एकच विद्युतभार असलेल्या) धन आयनाला २५ अंश सेल्सिअसला द्रावणाच्या तीव्रतेतल्या दर दहापटीमागे साधारण ५९ मिलिव्होल्ट मिळायला हवेत. ५० च्या खाली आलं, की मी पडदा सरळ फेकून देतो.