सोसवेल असे गर्भनिरोधक कसे शोधावे

हार्मोनयुक्त गर्भनिरोधक सुरू केल्यावर मळमळ, मधेच डाग पडणे, स्तन दुखणे किंवा कारण नसताना चिडचिड होऊ लागली, की बहुतेकींना दोनच सल्ले मिळतात: सवय होईल, सहन करा, किंवा बंदच करून टाका. दोन्ही अपुरे आहेत. त्रास कोणत्या हार्मोनचा आहे, किती मात्रेचा आहे आणि औषध शरीरात कोणत्या वाटेने जाते आहे, एवढे ओळखता आले तर पुढची निवड अंदाजपंचे करावी लागत नाही.

त्यासाठी गोळ्यांचे पाकीट उलटे करून मागचा मजकूर वाचावा. तेथे बारीक अक्षरांत ‘इथिनाइल इस्ट्राडायॉल ०.०३ मिग्रॅ, लिव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिग्रॅ’ असे काहीसे छापलेले असते. यातले पहिले इस्ट्रोजेन आणि दुसरे प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे कृत्रिम हार्मोन; ०.०३ मिलिग्रॅम म्हणजे ३० मायक्रोग्रॅम. आजच्या बहुतेक मिश्र, म्हणजे दोन्ही हार्मोन असलेल्या गोळ्यांमध्ये इथिनाइल इस्ट्राडायॉल २० ते ३५ मायक्रोग्रॅम असते, तर १९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत मेस्ट्रॅनॉल हे इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होते. म्हणूनच मागच्या पिढीने सांगितलेले अनुभव आजच्या गोळीला जसेच्या तसे लावू नयेत. फक्त एकच नाव छापलेले असेल तर ती बहुधा केवळ प्रोजेस्टिनची गोळी असते. दोन्ही नावे मात्रेसह लिहून ठेवावीत, कारण पाकिटावरचे व्यापारी नाव बदलले तरी आतले औषध तेच असू शकते, आणि मग ‘गोळी बदलूनही फरक पडला नाही’ याचे नवल वाटायला नको.

दुसरे काम नोंदींचे. शक्य असेल तर औषध सुरू करण्याआधीच्या एका महिन्यापासूनच डोकेदुखी, झोप, मनःस्थिती आणि रक्तस्राव यांची तारखेनुसार नोंद ठेवावी. पूर्वीपासून होत असलेला त्रास कोणता आणि नव्याने आलेला कोणता, हे त्याशिवाय कळत नाही. नोंद लांबलचक नको. ‘बारावा दिवस. गोळी नऊऐवजी रात्री एकला. सकाळी तपकिरी डाग.’ एवढ्या ओळीतून उशीर आणि डाग यांचा संबंध समोर येतो आणि पद्धत बदलण्याऐवजी मोबाइलवर गजर लावून काम भागण्याची शक्यता दिसते.

मळमळ, स्तन दुखणे आणि मधेच डाग पडणे हे त्रास पहिल्या तीन महिन्यांत बहुधा ओसरतात, त्यामुळे तेवढी वाट पाहणे सयुक्तिक आहे. मात्र ही मुदत सगळ्यालाच लागू नाही. मन सतत खिन्न राहणे किंवा जगणे नकोसे वाटणे यासाठी एक दिवसही थांबू नये. एका पोटरीला सूज आणि दुखणे, छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, बोलणे अडखळणे, पोटात तीव्र वेदना यांपैकी काहीही झाले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि आपण हार्मोन घेत असल्याचे तेथे आवर्जून सांगावे. इस्ट्रोजेनमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. तो एकंदरीत कमी असला तरी पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या, रक्तदाब वाढलेल्या, पूर्वी गुठळी झालेल्या किंवा अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा वा चमक दिसणाऱ्या स्त्रियांनी मिश्र गोळी, त्वचेवर चिकटवायचा हार्मोनचा पॅच आणि योनीमार्गातील रिंग यांपासून दूर राहावे. त्यांच्यासाठी प्रश्न सोसण्याचा नाहीच.

आता तक्रारीवरून कारणाकडे. मळमळ आणि स्तनांचे दुखणे बहुधा इस्ट्रोजेनकडे बोट दाखवते. गोळी रात्री जेवणानंतर घेऊन पाहावी आणि त्याने भागले नाही तर कमी मात्रेची मागावी. पण मात्रा कमी केली की डाग पडण्याचे प्रमाण वाढू शकते, ही देवघेव आधीच माहीत असलेली बरी. डोकेदुखी नेमकी गोळ्यांच्या खंडाच्या, म्हणजे औषधी गोळी न घेण्याच्या आठवड्यातच होत असेल तर ती इस्ट्रोजेन अचानक उतरल्यामुळे असू शकते. अशा वेळी सात दिवसांचा खंड चार दिवसांवर आणणे किंवा पाकिटे सलग घेणे हा उपाय डॉक्टरांशी बोलून करता येतो. त्या खंडातला रक्तस्राव ही खरी पाळी नसते आणि तो दर महिन्याला व्हायलाच हवा असे वैद्यकीय कारण नाही. मुरुमे वाढली असतील तर प्रोजेस्टिन बदलण्याचा विचार करावा: लिव्होनॉरजेस्ट्रेलचा कल पुरुषी हार्मोनसारख्या परिणामांकडे असतो, ड्रॉस्पिरेनोनचा त्याविरुद्ध, मात्र दुसऱ्यात गुठळीचा धोका पहिल्यापेक्षा काहीसा अधिक असतो आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते चालत नाही. कामेच्छा कमी होणे ही तक्रार अनेकजणी संकोचाने सांगत नाहीत, पण ती इतर कोणत्याही तक्रारीइतकीच सांगण्याजोगी आहे. वजनाचा दोष मिश्र गोळीला सर्रास दिला जातो, त्याला भक्कम पुरावा नाही. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या, केवळ प्रोजेस्टिनच्या इंजेक्शनाने मात्र काहीजणींचे वजन खरोखरच वाढते.

माझ्या मते पद्धत निवडताना सर्वांत दुर्लक्षित प्रश्न हा, की ती सोसली नाही तर किती लवकर थांबवता येते. गोळी त्याच दिवशी बंद करता येते. दंडात बसवलेले इम्प्लांट आणि गर्भाशयातील हार्मोनचे साधन डॉक्टरांकडून केव्हाही काढून घेता येते. इंजेक्शन एकदा दिले की परत घेता येत नाही. त्याचा परिणाम तीन महिने आणि कधी त्याहून अधिक टिकतो, आणि शेवटच्या मात्रेनंतर गर्भधारणेची क्षमता परतायला जवळपास वर्षही लागू शकते. म्हणून प्रोजेस्टिन आपल्याला कसे मानवते याची कल्पना नसताना थेट इंजेक्शन घेण्यापेक्षा काही महिने प्रोजेस्टिनची गोळी घेऊन पाहावी. ही चाचणी बिनचूक नाही, पण मनःस्थितीवर होणारा परिणाम तिच्यातून बऱ्याचदा आधी लक्षात येतो. गर्भाशयातील साधनाचे औषध मुख्यतः जागच्या जागी काम करते आणि रक्तात त्याचे प्रमाण कमी राहते; सुरुवातीचे तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतात, पुढे रक्तस्राव बराच घटतो. इम्प्लांटचा रक्तस्राव मात्र शेवटपर्यंत बेभरवशाचा राहू शकतो. हार्मोनच नको असेल तर तांबी आहे, पण तिने पाळी जड आणि अधिक दुखरी होऊ शकते, त्यामुळे आधीच अतिस्राव असणारीने ती विचारपूर्वक घ्यावी.

डॉक्टरांकडे जाताना ‘गोळी मानवत नाही’ असे मोघम न सांगता नोंदवही पुढे ठेवावी, आणि चालू असलेली इतर औषधेही सांगावीत. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फिट्सवरील फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन यांमुळे गोळ्यांचा व इम्प्लांटचा परिणाम घटतो. उलट फिट्सवरीलच लॅमोट्रिजिन या औषधाची रक्तातली पातळी मिश्र गोळीमुळे खाली येते आणि फिट्स पुन्हा सुरू होऊ शकतात.

बदल ठरल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदलावी: मात्रा, प्रोजेस्टिन किंवा पद्धत. एका मिश्र गोळीवरून दुसरीवर जाताना जुन्या पाकिटातील शेवटच्या औषधी गोळीच्या दुसऱ्याच दिवशी नवी सुरू करावी, मध्ये खंड ठेवू नये. त्रास असह्य होऊन पाकीट अर्ध्यावर सोडावे लागले तर त्याच दिवसापासून निरोध वापरावा, कारण संरक्षण लगेच उतरू लागते आणि आधीच्या काही दिवसांत संबंध आला असेल तर डॉक्टरांना तेही सांगावे. नवी मिश्र गोळी अशा खंडानंतर सुरू केल्यास पहिले सात दिवस निरोध चालूच ठेवावा.