'घरचे औषध देत नाहीत' हा शेरा मारण्याआधी: बालदम्याच्या उपचारात या चुका टाळा

अल्पसंख्याक वस्तीतल्या मुलाचा दमा आटोक्यात आला नाही, की केसपेपरवर ठरलेला शेरा पडतो: घरचे औषध देत नाहीत. बहुतेकदा घोडं दुसरीकडेच अडलेलं असतं.

'पंप वापरता येतो ना?' असं विचारू नका, कोणीही हो म्हणेल. आईच्या हातात पंप द्या आणि बघत राहा. न हलवताच दाबला जातो, स्पेसरमध्ये, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यात, लागोपाठ दोन फवारे सोडले जातात, मास्क गालाला नीट टेकत नाही आणि औषध बाजूने निसटतं. एका वेळी एकच फवारा, मग पाच-सहा संथ श्वास, मग पंप पुन्हा हलवून दुसरा. पंपावरचा उरलेले फवारे दाखवणारा काउंटरही पाहा. तो शून्यावर आल्यावरही पंप फुसफुसतो, पण औषधाचा भरवसा उरत नाही.

सगळ्यात महागात पडते ती दोन पंपांची गल्लत. साल्ब्युटामॉलने मिनिटांत बरं वाटतं, म्हणून तोच खरा वाटतो. रोजचा स्टिरॉइडचा पंप खोकला थांबला की कपाटात जातो. श्वासनलिकांची सूज मात्र आत तशीच. 'स्टिरॉइड' ऐकून घरचे बिचकले तर हसण्यावारी नेऊ नका. डोस किती छोटा, तो थेट फुप्फुसात कसा जातो, नंतर चूळ का भरायची, हे बसून सांगा.

घरच्यांची भाषा वेगळी असेल तर मुलालाच दुभाषा करू नका. आई ओरडेल म्हणून ते रात्रीची धाप सरळ गाळून टाकतं. प्रशिक्षित दुभाषा बोलवा, अ‍ॅक्शन प्लॅन, म्हणजे त्रास वाढला तर काय करायचं याचा लेखी कागद, घरच्या भाषेत द्या. शाळेसाठी वेगळा पंप हवाच.

ओल आणि झुरळं असलेल्या भाड्याच्या घराला 'स्वच्छता ठेवा' हा उपदेश फुकट आहे. झुरळांची अ‍ॅलर्जी आणि घरात झुरळंही भरपूर, अशी मुलं दम्याने जास्त वेळा रुग्णालयात दाखल होतात, हे अमेरिकेतल्या शहरी वस्त्यांच्या अभ्यासात १९९७ सालीच दिसलं होतं. गळका पाइप घरमालकाच्या हातात असतो. त्याच्या नावे डॉक्टरांनी पत्र दिलं तर निदान आईच्या शब्दाला वजन येतं.

आणि ऑक्सिमीटर. गडद त्वचेवर तो कधीकधी ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दाखवतो. आकडा ९५ असला तरी बरगड्या आत ओढल्या जात असतील, मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, तर त्याला घरी पाठवू नका.