'जोन' सिरीज बघायला घेताय? मग अशी बघा

सोफी टर्नरची 'जोन' सुरू करणार असाल तर पहिलं काम म्हणजे गुगल करायचं नाही. जोन हॅनिंग्टन ही खरीखुरी बाई, ब्रिटनमधली हिरेचोर, आणि तिचं पुढे काय झालं हे आधीच वाचलंत तर अर्धी मजा तिथेच गेली. ६च भाग आहेत, २०२४च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर आली, दोन-तीन रात्रींत आरामात होते. आधी बघून टाका आणि मग खरंखोटं करायला बसा.

सबटायटल लावा, पण ज्वेलरी शॉपमधले सीन आले की डोळे खालच्या ओळीवरून काढा आणि कान द्या. जोन श्रीमंत बाईचं सोंग घेते तेव्हा विग आणि कपडे तर बदलतातच पण तिचं इंग्लिश बदलतं, आणि त्या काळच्या लंडनमध्ये तुमच्या बोलण्यावरूनच तुमची लायकी ठरायची, त्यामुळे माझ्या मते तिचं खरं हत्यार ते बोलणं आहे. सोफीने हे इतकं छान केलंय की असा एखादा सीन मागे घेऊन पुन्हा ऐकाच.

दुसरं, काळ डोक्यात ठेवा. हे १९८०चं दशक आहे, तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंचं. "अरे पोलिसांना कसं कळत नाही" असं सारखं वाटेल, पण अ‍ॅलेक जेफ्रीज या ब्रिटिश शास्त्रज्ञाला डीएनए फिंगरप्रिंटिंग, म्हणजे डीएनएवरून माणूस ओळखायचं तंत्र, सुचलं तेच १९८४मध्ये आणि त्याच्या जोरावर पहिल्या खुन्याला शिक्षा झाली १९८८मध्ये, प्रत्येकाच्या हातात मोबाईल नाही, प्रत्येक कोपऱ्यावर कॅमेरा नाही.

हिरे गिळण्याचा सीन बघून "छे, असं कुठे असतं" म्हणू नका. १ कॅरेट म्हणजे फक्त ०.२ ग्रॅम, गोल कापलेला असेल तर साधारण साडेसहा मिलीमीटर, म्हणजे औषधाच्या एखाद्या गोळीएवढा, आणि पोटातल्या अ‍ॅसिडने हिऱ्याला काही होत नाही. खोट्या खड्यांचं म्हणाल तर क्युबिक झिरकोनिया १९७६च्या सुमारास बाजारात आला, नुसत्या नजरेला अगदी हिऱ्यासारखा, पण तेवढ्याच आकाराचा घेतला तर हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जास्त जड. हे माहीत असलं की दुकानदार खडा हातात घेतो तेव्हा आपलाच श्वास अडकतो!

आता खरंखोटं कसं ओळखायचं. ही सिरीज जोनच्या स्वतःच्या आठवणींवरून घेतलीये, लिहिलीये अ‍ॅना सायमनने. म्हणजे मुळात चोरानेच सांगितलेली चोरीची गोष्ट, मग त्यावर लेखिकेचा हात. म्हणून प्रत्येक मोठ्या सीननंतर स्वतःला विचारा, हे जोनशिवाय आणखी कुणाला माहीत असणार? कोर्ट, तुरुंग, तारखा या गोष्टी बाहेरून तपासता येतात. बंद खोलीतलं तिचं आणि तिचा जोडीदार बॉयसीचं बोलणं (फ्रँक डिलेनने बॉयसी केलाय, मस्त केलाय) हे शब्दशः खरं धरू नका. आणि ज्या दुकानातून माल गेला तिथे कामाला असलेल्या माणसांचं नंतर काय झालं असेल हा प्रश्न पण विचारा, कारण कॅमेरा सतत जोनच्या बाजूला उभा आहे आणि आपण नकळत तिच्यासोबत पळायला लागतो. मी तर पूर्ण पळाले होते.

शेवटचं आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, जोनच्या मुलीचा धागा सोडू नका. मुलगी सरकारी देखभालीत दिली, मग जाऊन परत का आणत नाही असं वाटेल. पण तेव्हा ब्रिटनमध्ये १९८०चा चाइल्ड केअर अ‍ॅक्ट होता, आईने आपणहून ठेवायला दिलेल्या मुलावरचे हक्कसुद्धा काउन्सिल (तिथली स्थानिक पालिका) नुसता ठराव करून स्वतःकडे घेऊ शकायची, कोर्टात न जाता. ही पद्धत १९८९च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टने बंद झाली, तोही लागू झाला १९९१ला. हे डोक्यात ठेवून सगळे ६ भाग संपल्यावर पहिला भाग परत लावा, आणि ती मुलीला सोडून निघते तिथे फक्त तिच्या हातांकडे बघा.