मीठ धरून शंभर, का मीठ सोडून? : चीज मुरवण्याच्या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

नोकरीचा चौथा दिवस होता. ब्राइनची टाकी नव्यानं भरायची होती. ब्राइन म्हणजे मिठाचं पाणी. दाबून तयार झालेली चीजची चाकं त्यात पोहत ठेवतात. कागदावर लिहिलं होतं, '२० टक्के'. मी शंभर लिटर पाणी मोजून घेतलं, वीस किलो मीठ ओतलं, ढवळलं, संध्याकाळी अकरा चाकं सोडली आणि घरी गेले. (बोलताना मी 'घरी गेलो' असंच म्हणते, कोल्हापूरच्या पोरी तशाच बोलतात. लिहिताना तेवढं सांभाळते.)

सकाळी चाकं बाहेर काढली तर अंगावर ओल्या साबणासारखा बुळबुळीत थर. बोट फिरवलं की पांढरा लगदा नखात येत होता. आमचे जुने कारागीर आण्णा, त्यांनी काही न बोलता टाकीत हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याचा दाटपणा मोजायची नळी, सोडला. बोमेच्या मापावर १९ च्या आसपास यायला हवं होतं, काटा १६ च्या खालीच रेंगाळला. मग त्यांनी विचारलं, "पोरी, शंभरात वीस म्हणजे मीठ धरून शंभर, का मीठ सोडून?"

मी डेअरी टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन आले होते. आण्णा आठवी शिकलेले. वीस टक्के ब्राइन म्हणजे शंभर किलो द्रावणात वीस किलो मीठ, म्हणजे पाणी ८० लिटर. माझं गणित झालं होतं २० भागिले १२०, म्हणजे १६.७ टक्के. शिवाय नव्या पाण्यात कॅल्शियम क्लोराइड घालायचं राहिलं होतं. साध्या मिठाच्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं, त्यामुळे चीजच्या सालीतलं कॅल्शियम पाण्यात उतरतं, वरचं प्रथिन फुगतं आणि साल विरघळायला लागते. पाणी आम्लही हवं, चीजच्या जवळपास, पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.२ च्या आगेमागे. माझं ताजं पाणी नळाचं, ७ च्या घरातलं. थोडक्यात, तीन चुका एकाच टाकीत. ती अकरा चाकं वितळवून प्रोसेस्ड चीजमध्ये गेली.

जुनं ब्राइन का टाकत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. त्यात आधीच्या चाकांतलं कॅल्शियम आणि निवळीतलं आम्ल उतरलेलं असतं. गाळायचं, उकळायचं, मीठ वाढवायचं आणि पुन्हा वापरायचं. घरी लोणच्याचा खार कोणी फेकतं का?

हे सगळं सांगायचं कारण, या कामात येणारी बहुतेक मुलं मिठाकडे चवीचा मामला म्हणून बघतात. मीही तशीच आले. मुलाखतीत मुरवणीबद्दल विचारलं तर किती महिने, किती तापमान, कोणती बुरशी हे घडाघडा सांगितलं. मिठावर एक वाक्य नव्हतं. आणि चीज मुरेल की सडेल, लवकर मुरेल की रेंगाळेल, कडू होईल की गोडसर, याचा निम्मा निकाल मीठ घालतानाच लागलेला असतो.

मीठ चीजमध्ये जातं कसं, ते आधी बघू. कोशिंबिरीला मीठ आधी लावून ठेवलं तर काकडीचं पाणी सुटतं, तेच इथं होतं. मीठ आत जातं, पाणी बाहेर येतं, आणि साधारण जितकं मीठ आत जाईल त्याच्या दुप्पट पाणी बाहेर पडतं. एक किलोच्या चाकात २० ग्रॅम मीठ गेलं तर ४० ग्रॅमच्या आसपास पाणी गेलं असं धरा. शंभर चाकं निघाली की टाकीतलं दोन किलो मीठ कमी आणि चार लिटर पाणी जास्त. म्हणून ब्राइन रोज मोजायचं. मीठ आत सरकतंही अगदी संथ, साध्या पाण्यात सरकेल त्याच्या पाचव्या हिश्शानं. वाटेत प्रथिनाचं जाळं आणि चरबीचे थेंब आडवे येतात. जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट लागतो. आमच्या एक किलोच्या चाकाला रात्र पुरते, मोठ्या चाकाला दिवस लागतात. टाकीतून काढल्यावरही सालीजवळ खारट आणि पोटात अळणी अशी अवस्था कित्येक आठवडे असते. नवीन मुलगा दुसऱ्या दिवशी मधला तुकडा चाखतो आणि मीठ कमी पडलं म्हणून ओरडतो. थांबायचं.

चेडरचं वेगळं. तिथं टाकी नाही. दही (इथं दही म्हणजे गोठवलेलं दूध) कापून, शिजवून, निवळी काढून, थरावर थर रचून पीएच ५.३-५.४ ला आलं की ते यंत्रात बारीक तुकडे करून घेतात आणि कोरडं मीठ वर भुरभुरवतात, दोन-तीन हप्त्यांत, मध्ये मध्ये उलथून. घाई इथं फार नडते. सगळं मीठ एकदम टाकलं तर ते सुटलेल्या निवळीत विरघळून गटारात जातं. शेवटच्या हप्त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं न थांबता साच्यात भरलं तर तुकडे एकमेकांना धड चिकटत नाहीत आणि कापल्यावर संगमरवरासारख्या पांढऱ्या रेषा दिसतात. आण्णा मुठीत तुकडे दाबून बघतात. पूर्वी वाटायचं, काय कळत असेल त्यात? आता मीही तेच करते.

आता ज्या आकड्यावर या धंद्यात खरं बोलणं होतं, तो. चीजमध्ये १.८ टक्के मीठ आहे, असं कोणी सांगितलं तर लगेच विचारायचं, ओलावा किती? मीठ पाण्यात विरघळलेलं असतं, आणि जंतूही त्याच पाण्यात जगतात. म्हणून मीठ भागिले ओलावा. ओलावा ३६ असेल तर १.८ चे होतात ५ टक्के. ओलावा ४५ असेल तर त्याच मिठाचे ४ टक्केच. लॅबमध्ये याला सॉल्ट-इन-मॉइश्चर म्हणतात. चेडरचा हा आकडा ४ ते ६ मध्ये ठेवायचा. पाचच्या वर चढत गेला की स्टार्टरचे जंतू, म्हणजे दुधातल्या साखरेचं आम्ल करायला घातलेले, थंडावत जातात, उरलेली साखर तशीच राहते. चारच्या खाली गेला की ते थांबायचं नाव घेत नाहीत, आम्ल वाढत जातं.

आणि कडूपणा. तो इथूनच येतो. दूध गोठवायला घातलेल्या रेनेट नावाच्या विकराचा (एन्झाइमचा) थोडा अंश दह्यात अडकून राहतो आणि पुढचे कित्येक महिने गुपचूप काम करतो. आधी तो अल्फा केसीन नावाचं प्रथिन तोडतो, त्यामुळे रबरासारखं कोवळं चीज मऊ होतं. पुरेसं मीठ असेल तर बीटा केसीनला तो फारसा हात लावत नाही. मीठ कमी पडलं की तेही तोडतो, आणि त्याचे काही तुकडे जिभेला कडू लागतात. स्टार्टरचे जंतू मेले, फुटले की त्यांच्यातली विकरं त्या तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे करतात, मग कडूपणा जातो आणि चव भरते. म्हणजे तोडण्याचा आणि बारीक करण्याचा वेग जुळला पाहिजे. तो जुळवतं मीठ. आपल्याकडे शाकाहारी रेनेट, बहुतेक म्यूकर जातीच्या बुरशीचं. ते वासराच्या रेनेटपेक्षा जरा आडदांड, जिथं सापडेल तिथं तोडतं. मिठात चूक झाली तर आपल्याकडे कडूपणा लवकर दिसतो तो यामुळेही.

सगळ्या चीजना एकच नियम नाही, हेही लगेच सांगते. एमेंटालला मीठ एक टक्क्याच्याही खाली, कारण त्यातली भोकं पाडणारे प्रोपिऑनिक जंतू मिठाला नाजूक. त्यांच्यासाठी चीज काही आठवडे २०-२४ अंशांच्या उबदार खोलीत ठेवतात. निळ्या चीजची बुरशी उलट मीठ सोसणारी, तिथं तीन-साडेतीन टक्क्यांच्या वरच काम चालतं. फ्रान्सात रोकफोर गावाला डोंगराच्या पोटात थंड, दमट गुहा मिळाल्या. आमची गुहा म्हणजे पफ पॅनेलच्या (थंडी आत धरणाऱ्या फोमच्या पत्र्यांच्या) चार भिंती, एक कॉम्प्रेसर आणि महिन्याचं वीजबिल.

कोल्हापुरात काम करायचं तर म्हशीचं दूध समजून घ्यावं लागेल. गंगावेशीत संध्याकाळी म्हैस पिळून तिथंच ग्लास हातात देतात ते दूध पिऊन मोठी झालेली माणसं आपण; पातळ दूध आपल्याला दूधच वाटत नाही. पण पाठ्यपुस्तकातली चेडरची कृती गाईच्या दुधाची. म्हशीच्या दुधात चरबी, केसीन, कॅल्शियम सगळंच जास्त, दही घट्ट, निवळी भरभर सुटते, आणि चीज कोरडं, चिवट होऊन सावकाश मुरतं. रंगही पांढराफेक, कारण गाईच्या दुधातलं कॅरोटीन त्यात नसतं. आम्ही दूध आधी प्रमाणात आणतो, केसीन भागिले चरबी ०.७ च्या जवळ यावं असं. शिजवण्याचं तापमान थोडं उतरवतो, स्टार्टर थोडा वाढवतो. ओलावा सुधारतो, पण मग जुन्या हिशेबानं घातलेलं मीठ कमी पडतं. एक खिळा ठोकला की दुसरा वर येतो.

मुरवण्याची खोली आमच्याकडे ११ अंशांवर असते, सालीच्या चीजसाठी आर्द्रता ८५-९० टक्के. आत पहिल्यांदा शिरलात की ओल्या पोत्याचा, थोडा मशरूमचा वास येईल. अमोनियाचा भपका आला तर लगेच सांगा. चीज तपासायला ट्रायर असतो, पन्हाळीसारखी पोकळ पोलादी सळई. चाकात घुसवायची, अर्धा वेटोळा फिरवायचा आणि ओढायची. बोटाएवढी कांडी बाहेर येते. आधी वास घ्यायचा, कारण दोन मिनिटांत तो उडतो. मग कांडी वाकवायची: कोवळी असेल तर रबरासारखी परत सरळ होते, मुरलेली मध्येच सावकाश तुटते. टोकाचा वाटाण्याएवढा तुकडा अंगठ्यानं चोळायचा, मेणासारखा पसरला तर बरं, रवाळ लागला तर आम्ल वाढलंय. मग उरलेली कांडी भोकात परत बसवून वर चीजच्याच लगद्यानं लिंपायचं. हे लिंपणं नवीन मुलं विसरतात आणि आठवड्यानं त्या भोकातून हिरवी बुरशी डोकावते.

आता २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी कधीच ओलांडून गेली होती, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, दूध संकलन बंद. आमचं युनिट उंचावर, पाणी आत आलं नाही, पण वीज गेली आणि दुसऱ्या दिवशी जनरेटरचं डिझेल संपलं. खोलीचं दार आम्ही उघडलंच नाही. चार दिवसांत ११ चे २३ अंश झाले. आत चेडरचे दोन लॉट होते, तीन महिन्यांचे, एकाच आठवड्यात बनवलेले. एकाचं सॉल्ट-इन-मॉइश्चर ५.१. दुसऱ्याचं ३.९, त्या दिवशी दह्याचं वजन अंदाजानं धरलं होतं आणि अंदाज माझा होता.

वीज आल्यावर पहिला लॉट कापला. वयापेक्षा मोठा झाला होता, चव जरा झणझणीत, पोत ठीक. विकला गेला, लोकांनी परत मागितला. दुसऱ्या लॉटच्या पिशव्या तुंबून फुगल्या होत्या. आतल्या जंतूंनी वायू केला होता, कापल्यावर भेगा आणि सडक्या अंड्याची हलकी घाण. आण्णांनी एक तुकडा तोंडात टाकला, बाहेर जाऊन थुंकला, आत येऊन म्हणाले, "कडू जहर." लॉटच्या वहीत माझी सही होती. कोणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

शिक्षणाचं थोडक्यात. महाराष्ट्रात डेअरी टेक्नॉलॉजीची सरकारी कॉलेजं पुसदजवळ वरुडला आणि उदगीरला आहेत. पुढं शिकायचं तर कर्नालची एनडीआरआय (राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था), किंवा गुजरातमधलं आणंद. फूड टेक्नॉलॉजी किंवा मायक्रोबायॉलॉजी करूनही लोक येतात आणि छान रुळतात. कुठंही शिका, मिठाचं टायट्रेशन, म्हणजे थेंब मोजून मीठ किती ते काढणं, हातानं शंभरदा करा. सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं, पोटॅशियम क्रोमेटचा पिवळा रंग विटकरी होईल तिथं थांबायचं. एक थेंब जास्त गेला की आकडा खोटा. हातमोजे घाला. मी कंटाळा केला, आणि ताईच्या हळदीच्या सगळ्या फोटोंत माझ्या बोटांवर काळे डाग आहेत. साबणानं जात नाहीत, कातडी झडेल तेव्हाच जातात.

सुरुवातीचा पगार फार नसतो. शिफ्ट असतात. मिठाच्या पाण्यानं हाताला भेगा पडतात, रात्री खोबरेल लावून झोपायचं. एप्रिलमध्ये स्वेटर घेऊन निघालात तर स्टँडवर लोक बघतात. आयोडीनच्या मिठानं स्टार्टर मरतो असं कोणीतरी ठामपणे सांगेल. मला तसं कधी दिसलं नाही, पण मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेल्या पुडीनं पाणी गढूळ होतं, तेव्हा साधं स्वच्छ मीठच घ्या.

आणि मुलाखतीला गेलात तर शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' असं म्हणतात, तेव्हा ब्राइनची वही बघायला मागा. पानं खाऱ्या पाण्यानं फुगलेली, आकडे वेगवेगळ्या हातांचे, मध्ये खाडाखोड, एखाद्या रविवारी '१७.५, मीठ वाढवलं' असं काहीतरी लिहिलेलं असेल तर बिनधास्त रुजू व्हा. वही कोरी असेल, किंवा अख्खा महिना एकाच पेनानं एका बैठकीत भरलेला असेल आणि रोज २०.० टक्केच असतील, तर पगार कितीही सांगू देत, घरी जाऊन एकदा विचार करा.