वीजबिलावरून कोळशाचा हिशेब कसा काढावा

महिनाभरात आपल्या घरासाठी किती कोळसा जळला, हे वीजबिल समोर ठेवून कोणालाही काढता येते. विदर्भातल्या माणसाला तर हा हिशेब यायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे. कारण वणी, घुग्घुस, उमरेडच्या खाणींतला कोळसा चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत जळतो आणि त्याची राखही इथेच उरते.

बिलावरील ‘चालू रीडिंग’मधून ‘मागील रीडिंग’ वजा करावे आणि ‘गुणक अवयव’ एकापेक्षा अधिक असल्यास त्याने गुणावे. समजा, १०० युनिट आले. केंद्रात मात्र तेवढीच वीज करून भागत नाही. कोळसा दळणारी यंत्रे, मोठे पंखे आणि बॉयलरला पाणी देणारे पंप केंद्राच्याच विजेवर चालतात. शिवाय तारांमधून गावच्या डीपीपर्यंत येताना काही वीज वाया जाते. म्हणून १०० ऐवजी १२५ युनिट धरावेत.

खरा प्रश्न पुढेच आहे. एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी ऊर्जा असते, परंतु ते तयार करण्यासाठी जुन्या पद्धतीच्या संचाला (बॉयलर, टर्बाइन आणि जनित्र मिळून एक संच) साधारण २,५०० किलोकॅलरी उष्णता लागते. टर्बाइन फिरवून झालेल्या वाफेचे पुन्हा पाणी करावे लागते आणि त्यात निम्म्याच्या आसपास उष्णता शीतकरण मनोऱ्यांवाटे हवेत जाते. कोळशाच्या एका किलोतून ३,८०० किलोकॅलरी मिळतात असे धरले, तर युनिटमागे ०.६६ किलो कोळसा लागतो. म्हणजे आपल्या १०० युनिटांसाठी सुमारे ८२ किलो कोळसा जळला. त्यात राखेचे प्रमाण ३५ ते ४० टक्के असते, म्हणून तीसेक किलो राखही आपल्या नावावर धरावी.

आकडा पडताळायचा असेल, तर अकोला जिल्ह्यातील पारसचे केंद्र घ्यावे. तिथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत, म्हणजे राज्यातील इतर केंद्रांच्या मानाने ते लहानच. त्यातला एक संच पूर्ण भाराने चालला, तर तासाला अडीच लाख युनिट वीज होते आणि १६५ टन कोळसा लागतो. दिवसाचे झाले जवळजवळ ४,००० टन, म्हणजे एका संचासाठी रोज एक भरलेली मालगाडी.

सगळीच वीज कोळशाची नसते, हेही खरे. देशाच्या वीजनिर्मितीत कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांहून अधिक आहे, म्हणून सरासरी हवी असल्यास ८२ ला ०.७ ने गुणावे. ५७ किलो येतात. रात्री सौरऊर्जा नसते, त्यामुळे रात्रीच्या वापराला मी पूर्ण आकडाच लावतो.

हरभऱ्याच्या ओलितासाठी पाच हॉर्सपॉवरची मोटार रात्रपाळीच्या लाईनवर आठ तास चालली, तर किमान ३० युनिट, म्हणजेच सुमारे २५ किलो कोळसा धरावा. पंपाला मीटर नसेल, तर हॉर्सपॉवरला ०.७५ ने आणि मोटार चाललेल्या तासांनी गुणले की युनिट मिळतात.