स्वतःचा गिंबल, भाड्याचा ड्रोन: व्यावसायिक चित्रीकरणासाठी पायलट कसा निवडावा

जमिनीवरून आणि आकाशातून घेतलेल्या दृश्यांचे रंग व पोत जुळावेत म्हणून जाहिरात किंवा चित्रपटाचे अनेक निर्माते हवाई चित्रीकरणासाठीही आपलाच कॅमेरा आणि गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरून हवा तसा वळवणारी चौकट, वापरू इच्छितात. ही अपेक्षा रास्त आहे. मात्र पायलटला फोन करण्यापूर्वी आपल्या साहित्याचे वजन करावे, कारण पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्या आकड्यावर ठरतात.

कॅमेरा, लेन्स, फिल्टर, बॅटरी, फोकसची मोटर, व्हिडिओ ट्रान्समीटर, केबल आणि गिंबल हे सारे प्रत्यक्ष चित्रीकरणात असेल तसे जोडून एकत्र तोलावे. माहितीपत्रकातल्या वजनावर विसंबू नये. रेड कोमोडो हा सिनेमाचा कॅमेरा नुसता घेतला तर एक किलोच्या आत असतो आणि ॲरी अलेक्सा मिनी सुमारे २.३ किलोचा, पण लेन्स व इतर साहित्य चढल्यावर हे वजन सहज दुप्पट होते आणि गिंबलचे वजन त्यात वेगळे मिळवावे लागते.

भारतातील ड्रोन नियम, २०२१ नुसार ड्रोनचा वर्ग त्यावर लादलेल्या भारासह होणाऱ्या एकूण वजनावरून ठरतो. २५० ग्रॅमच्या पुढे दोन किलोंपर्यंतचा ड्रोन सूक्ष्म वर्गात आणि त्यापुढे २५ किलोंपर्यंतचा लघु वर्गात मोडतो. सिनेमाचा कॅमेरा उचलणारा ड्रोन साहजिकच किमान लघु वर्गातला असणार. म्हणून पायलटकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र आहे एवढेच पाहून थांबू नये, ते कोणत्या वर्गासाठी आहे हेही वाचावे आणि ड्रोनचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा.

प्रमाणपत्राने उड्डाणाची पात्रता कळते, जड कॅमेरा वाहण्याचा सराव कळत नाही. लग्नसमारंभात घडीचा छोटा ड्रोन सफाईने फिरवणाऱ्या पायलटला आठ-दहा किलोंचा भार घेऊन वळताना, थांबताना आणि वाऱ्यात उतरताना वेगळेच भान ठेवावे लागते. त्यामुळे संकलित नमुनाफीत पाहण्यापेक्षा अशाच वजनाच्या कॅमेऱ्याने घेतलेले, सुरुवातीपासून शेवटपर्यंत न कापलेले चित्रीकरण मागावे. एखादी मोटर बंद पडली तर ड्रोनचे काय होईल, हा प्रश्न आवर्जून विचारावा. चार पंख्यांचा ड्रोन अशा वेळी सहसा सावरत नाही. आठ पंख्यांचा, भार मर्यादेत असेल तर, बहुधा खाली आणता येतो. या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर मिळाले, तर माझ्या मते दुसरा पायलट शोधावा.

यानंतर जोडणीचा विचार करावा. गिंबलची वरची पट्टी ड्रोनच्या जोडपट्टीला बसते का, कंपन शोषणारे रबर किंवा तारा आपल्या वजनाला योग्य आहेत का आणि ड्रोनच्या पायांखाली लेन्सला पुरेशी मोकळी जागा उरते का, हे पायलटसमवेत प्रत्यक्ष तपासावे. ड्रोनचे नियंत्रण, गिंबलचा रिमोट आणि व्हिडिओ ट्रान्समीटर बहुधा २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यांतच चालतात, म्हणून तिन्ही एकाच वेळी सुरू ठेवून अडथळा येतो का ते जमिनीवरच पाहावे. गिंबल आपला कॅमेरामन चालवणार असेल, तर त्याने आणि पायलटने एकमेकांना द्यायच्या सूचनांचे शब्द आधी ठरवून घ्यावेत. आजूबाजूला लक्ष ठेवायला तिसरा माणूस हवाच.

करार लेखी असावा आणि त्यात विम्याचा मुद्दा स्पष्ट असावा. ड्रोनचा त्रयस्थ पक्ष विमा इतरांच्या जीविताची व मालमत्तेची भरपाई करतो. आपला कॅमेरा कोसळला तर या विम्याचा उपयोग नाही. त्यासाठी साहित्याचा वेगळा विमा घ्यावा लागतो आणि ड्रोनवरील वापर त्यात समाविष्ट असल्याचे कंपनीकडून लेखी घ्यावे लागते. वाऱ्यामुळे किंवा पावसामुळे उड्डाण न करण्याचा पायलटचा निर्णय अंतिम राहील आणि त्या दिवसाचे मानधन किती असेल, हेही लिहावे. पैसे बुडण्याच्या भीतीने कोणी उड्डाण करावे, अशी वेळ आणू नये.

परवानग्यांसाठी डिजिटल स्काय या ड्रोनविषयक सरकारी संकेतस्थळावरील नकाशा पाहावा. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडता येते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. मुंबई-पुण्यात विमानतळ आणि संरक्षण दलांची ठिकाणे असल्याने बराच भाग निर्बंधांखाली येतो, शिवाय पोलिसांचे स्थानिक मनाई आदेशही पाहावे लागतात. रायगडासारख्या संरक्षित किल्ल्यावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते.

चित्रीकरणाच्या काही दिवस आधी चाचणीचा दिवस ठेवावा आणि त्याचे मानधन द्यावे. पहिले उड्डाण कॅमेऱ्याऐवजी तेवढ्याच वजनाचा भार लावून करावे आणि बॅटरी किती मिनिटे पुरते ते नोंदवावे, कारण भार चढल्यावर हा वेळ खूप घटतो. त्यानंतरच कॅमेरा चढवावा. मिळालेले चित्रीकरण मोठ्या पडद्यावर पाहून चित्र थरथरत नाही याची खात्री झाल्यावर मुख्य दिवसाची तारीख पक्की करावी.